कुकरच्या शिट्टीपासून दहा टनांच्या इंजिनापर्यंत: वाफेची जुनी ट्रॅक्शन इंजिनं लोकांना कशी दाखवतात?

रील्स बघताना कधी ना कधी हा व्हिडिओ तुमच्यासमोर आला असेल. हिरवंगार मैदान, थोडा चिखल आणि त्यातून धडधडत येणारं एक भलंमोठं लोखंडी यंत्र. पुढे उंच धुराडं, मागे माणसाच्या उंचीची चाकं, बाजूला गरगर फिरणारं एक जड चक्र. दिसायला रेल्वेचं इंजिन, पण खाली रूळच नाहीत! वर उभा असलेला काळ्या हातांचा माणूस एका लहान मुलाला दोरी ओढायला सांगतो, कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते आणि आजूबाजूचे सगळे दचकून हसतात.

या यंत्राला ट्रॅक्शन इंजिन म्हणतात. इंग्लंड आणि अमेरिकेत उन्हाळ्यात अशा इंजिनांचे मेळे भरतात. शंभर-सव्वाशे वर्षं जुनी इंजिनं तिथे काचेमागे ठेवत नाहीत. खरा कोळसा पेटवून, खरी वाफ करून, हजारो लोकांच्या मध्ये ती चालवतात. आता प्रश्न असा आहे की आत एवढा दाब असलेलं जुनं बॉयलर गर्दीत नेणं सुरक्षित कसं? आणि कधी चूक झाली तर काय होतं? चला, नीट समजून घेऊया.

ट्रॅक्शन इंजिन म्हणजे नेमकं काय?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शेतात मळणीसाठी वाफेची इंजिनं आली. पण सुरुवातीची इंजिनं स्वतः चालायची नाहीत. एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायची तर त्यांना घोडे जुंपायचे. म्हणजे कितीतरी घोड्यांची ताकद असलेलं यंत्र ओढायला पुन्हा घोडेच! पॉवर बँक चार्ज करायला दुसरी पॉवर बँक जोडावी, तसा हा प्रकार.

केंट परगण्यातल्या रॉचेस्टरच्या थॉमस ॲव्हलिंगला हे खटकलं. १८५९ मध्ये त्याने क्लेटन अँड शटलवर्थ कंपनीचं असं एक ओढायचं इंजिन घेतलं आणि इंजिनाचा फिरणारा दांडा मागच्या आसाला एका लांब साखळीने जोडला. सायकलच्या चेनचंच तत्त्व. इंजिन स्वतःच्या ताकदीवर चालू लागलं. पुढे साखळीच्या जागी गिअर आले आणि लीड्सची फाउलर, थेटफर्डची बरेल, अमेरिकेत रसीनची केस अशा कंपन्यांनी ही इंजिनं मोठ्या संख्येने बनवली.

कामानुसार त्यांचे प्रकार पडले. शेतातलं साधं इंजिन पट्ट्याने मळणीयंत्र फिरवायचं. नांगरणीची इंजिनं जोडीने काम करायची. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी, मध्ये पोलादी दोर आणि त्या दोरावर इकडून तिकडे ओढला जाणारा नांगर. यात फायदा असा की इंजिनाचं प्रचंड वजन शेतात येतच नाही, त्यामुळे माती दबत नाही. रोड रोलर हासुद्धा याच कुटुंबातला. आणि सगळ्यात देखणं म्हणजे जत्रेवाल्यांचं शोमन्स इंजिन. त्याच्या पुढच्या बाजूला डायनॅमो बसवलेला असायचा. दिवसा ते पाळण्यांचं सामान गावोगावी ओढून न्यायचं आणि रात्री त्याच जत्रेला वीज पुरवायचं.

वेगाचं म्हणाल तर फार अपेक्षा ठेवू नका. १८६५ च्या ब्रिटिश कायद्यानुसार रस्त्यावरच्या अशा वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढीच परवानगी होती. शिवाय एक माणूस हातात लाल झेंडा घेऊन पुढे चालायचा!

हे चालतं कसं? कुकरपासून सुरुवात करू

तुमच्या घरातला प्रेशर कुकर हे छोटंसं बॉयलरच आहे. झाकण बंद असल्यामुळे वाफेला बाहेर जाता येत नाही, दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाणी १०० अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते. कुकरमधला हा दाब साधारण १५ पीएसआय असतो.

ट्रॅक्शन इंजिनात हाच आकडा १५० किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे कुकरच्या दहापट. तिथलं पाणी १८५ अंशांच्या पुढे गेलेलं असतं.

बॉयलर आडव्या पिंपासारखा असतो. मागच्या टोकाला भट्टी, तिला फायरबॉक्स म्हणतात. भट्टीतला गरम धूर अनेक नळ्यांमधून पुढे धुराड्याकडे जातो आणि त्या नळ्यांभोवती पाणी असतं. तयार झालेली वाफ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते. पिस्टनची पुढे-मागे हालचाल दांड्यामुळे गोल फिरण्यात बदलते. बाजूचं जड चक्र, म्हणजे फ्लायव्हील, ते फिरणं एकसारखं ठेवतं.

आता त्या ‘छुक-छुक’ आवाजाची गंमत. काम झालेली वाफ धुराड्यात सोडली जाते. ती जोरात वर जाताना धूर आपल्यासोबत खेचून नेते आणि त्यामुळे भट्टीत ताजी हवा ओढली जाते. इंजिनावर ओझं वाढलं की वाफ जास्त सुटते, हवा जास्त खेचली जाते, आग जास्त भडकते आणि वाफही जास्त तयार होते. कुठलीही चिप नाही, सेन्सर नाही, तरी यंत्र गरजेप्रमाणे आपली आग वाढवतं.

इंजिनावर दोन गोळे गरगर फिरताना दिसतील. तो गव्हर्नर. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी बंद होते. वेग कमी झाला की गोळे आत येतात, झडप उघडते. गेम खेळताना फोन जास्त तापला की प्रोसेसर आपोआप स्लो होतो ना? कल्पना तीच आहे. जेम्स वॉटने असा गव्हर्नर वाफेच्या इंजिनाला १७८८ मध्ये बसवला होता.

आणि हो, इंजिनावर ‘७ हॉर्सपॉवर’ लिहिलेलं दिसलं तर ‘एवढंच?’ असं म्हणू नका. जुन्या इंग्लिश इंजिनांचा हा आकडा सिलिंडरच्या मापावरून काढलेला नाममात्र आकडा असायचा. प्रत्यक्ष ताकद त्याच्या कितीतरी पट निघायची. फोनच्या जाहिरातीत मेगापिक्सेल वाढवून सांगतात, इथे उलट होतं!

भंगारातून मैदानात

डिझेल ट्रॅक्टर आणि लॉरी आल्यावर या इंजिनांचे दिवस संपले. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास कितीतरी इंजिनं भंगारात गेली. काही शेताच्या कोपऱ्यात गंजत पडली. ती वाचली याचं बरंचसं श्रेय एका पैजेला दिलं जातं.

१९५० मध्ये इंग्लंडमधल्या ॲपलफर्ड गावचा शेतकरी आर्थर नॅपर आणि त्याचा मित्र माइल्स चेटविंड-स्टेपिल्टन यांच्यात पैज लागली. कोणाचं इंजिन जास्त वेगवान? बक्षीस काय, तर बिअरचं एक पिंप, साधारण ४० लिटरचं. नॅपरच्या शेतात शर्यत झाली आणि नॅपरचं ‘ओल्ड टायमर’ नावाचं इंजिन जिंकलं. बातमी पसरली. पुढच्या वर्षांत आणखी इंजिनं, आणखी बघे जमू लागले. १९५४ मध्ये जुन्या इंजिनांच्या जतनासाठी नॅशनल ट्रॅक्शन इंजिन ट्रस्टची स्थापना झाली. १९६२ मध्ये ‘द आयर्न मेडन’ हा सिनेमा आला, त्यात तर ट्रॅक्शन इंजिनच हिरोईन होतं.

योगायोग बघा, १९५० मध्येच अमेरिकेत आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट इथे ‘ओल्ड थ्रेशर्स रियुनियन’ सुरू झालं. जुने मळणीवाले आपापली इंजिनं घेऊन एकत्र आले. तो मेळा आजही दरवर्षी भरतो. इंग्लंडमध्ये नंतर ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर हा या जगातला सगळ्यात नावाजलेला मेळा झाला.

मेळ्याचा दिवस पहाटे सुरू होतो

लोक मैदानात दहा वाजता येतात, पण इंजिनवाला त्याआधी काही तास उठलेला असतो. कारण हे यंत्र बटण दाबून चालू होत नाही.

आधी नळ्यांमधली काजळी ब्रशने काढायची. भट्टीतली कालची राख काढायची. मग सगळ्यात महत्त्वाचं काम, पाणी तपासायचं. त्यानंतर लाकूड पेटवून हळूहळू कोळसा घालायचा. थंड इंजिनात वाफ तयार व्हायला दोन-तीन तास लागतात आणि घाई केलेली चालत नाही. लोखंडाचा एक भाग एकदम तापला आणि दुसरा थंड राहिला तर सांध्यांवर ताण येतो आणि ते गळू लागतात. या वेळात चालक तेलाची बुधली घेऊन इंजिनाभोवती फिरत असतो, प्रत्येक फिरत्या भागाला तेल देतो, पितळ पुसून चकचकीत करतो.

मधल्या वेळेत नाश्ता! कोळशाचं फावडं स्वच्छ धुऊन त्यावर अंडी आणि बेकन तळायचं, ही या मंडळींची जुनी सवय आहे.

पाहुण्यांना काय दाखवतात?

साध्या म्युझियममध्ये ‘हात लावू नका’ अशी पाटी असते. इथे इंजिनवाल्याची इच्छा वेगळी असते. लोकांनी जवळ यावं, वास घ्यावा, विचारावं. मेळ्यात साधारण या गोष्टी असतात:

१. प्रत्यक्ष काम. इंजिनाला लांब पट्टा जोडून मळणीयंत्र किंवा लाकूड कापायची करवत चालवतात. काही मेळ्यांत दोराची नांगरणी आणि चढावर जड ओझं ओढण्याचं प्रात्यक्षिक असतं. अमेरिकेत ‘प्रोनी ब्रेक’ नावाचं उपकरण जोडून इंजिनाची खरी ताकद मोजून दाखवतात.

२. रिंगणातली फेरी. इंजिनं एकामागून एक मैदानात येतात आणि निवेदक प्रत्येकाचा इतिहास सांगतो. कोणत्या साली बनलं, कोणत्या गावात राबलं, कुठे गंजत पडलं होतं.

३. रात्रीचे दिवे. शोमन्स इंजिनं डायनॅमो चालू करतात आणि शेकडो बल्ब लागतात. मागे जुना पाळणा आणि यांत्रिक ऑर्गन.

४. गप्पा. हा खरा भाग. इंजिन उभं असताना मालक भट्टीचं दार उघडून आतली लालबुंद आग दाखवतो, कोणता दांडा कशाला आहे ते सांगतो. एखाद्या मुलाला शिट्टीची दोरी ओढायला मिळते.

पण इथेच जबाबदारी सुरू होते. ज्याला हे यंत्र माहीत नाही त्याला धोका कुठे आहे हेही माहीत नसतं. बंद मोटार गरम नसते, पण उभ्या इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक उघडा भाग चटका देऊ शकतो. पट्टा वेगाने फिरत असतो आणि ओढणी किंवा बॅगेचा बंद त्यात सहज अडकू शकतो. इंजिनाला मोटारीसारखे पायाने दाबायचे ब्रेक नसतात आणि स्टिअरिंग साखळ्यांनी चालतं, त्यामुळे दिशा बदलायला चाक कितीतरी वेळा फिरवावं लागतं. म्हणूनच अनेक इंजिनांवर दोन माणसं असतात, एक इंजिन सांभाळतो आणि दुसरा फक्त दिशा. अशा यंत्रासमोर सेल्फी घ्यायला कोणी अचानक आलं तर दहा टन लोखंड क्षणात थांबत नाही.

यासाठी फिरत्या पट्ट्याभोवती दोर बांधलेले असतात. गर्दीतून जाताना इंजिनासोबत एखादा माणूस पायी चालतो. लाल झेंड्याचा कायदा गेला, पण त्यामागचं शहाणपण राहिलं म्हणा ना!

मुख्य धोका मात्र दिसत नाही

चटका आणि पट्टा हे दिसणारे धोके. खरा धोका बॉयलरच्या आत असतो आणि त्याचं नाव आहे कमी पाणी.

शाळेतला प्रयोग आठवतो? कागदाच्या कपात पाणी भरून मेणबत्तीवर धरलं तर कागद जळत नाही, कारण पाणी उष्णता ओढून घेतं. भट्टीच्या वरच्या पत्र्याचं, म्हणजे क्राउन शीटचं, असंच असतं. खाली हजार अंशांच्या वर आग, वर पाणी. जोपर्यंत वर पाणी आहे तोपर्यंत पत्रा फारसा तापत नाही. पाणी खाली गेलं आणि पत्रा उघडा पडला, तर तो काही मिनिटांत लाल होऊन मऊ पडतो. वरून वाफेचा दाब दाबतच असतो. पत्रा फाटतो.

आणि मग? १८५ अंशांचं पाणी दाबामुळेच पाणी राहिलेलं असतं. दाब गेला की त्यातला सुमारे सहावा भाग त्या क्षणी वाफ होतो. आणि वाफेला पाण्याच्या १,६०० पटींहून जास्त जागा लागते. समजा बॉयलरमध्ये ६०० किलो पाणी आहे. तर क्षणात सुमारे १०० किलो वाफ, म्हणजे दीड लाख लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचे पंधराहून जास्त टँकर भरतील एवढी वाफ एका झटक्यात बाहेर!

हे टाळण्यासाठी तीन पहारेकरी असतात:

• गेज ग्लास, म्हणजे काचेची उभी नळी. यात बॉयलरमधली पाण्याची पातळी दिसते. चांगला चालक दर एक-दोन मिनिटांनी तिच्याकडे बघतोच. उतारावर जाताना तर जास्तच, कारण पाणी पुढे सरकतं आणि मागच्या भट्टीवरचा पत्रा उघडा पडू शकतो.

• सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की हा उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. मात्र पाणी कमी झालं आहे हे त्याला कळत नाही.

• फ्युजिबल प्लग. भट्टीच्या छतात बसवलेली एक डाट, जिच्या मध्यभागी शिशासारखा मऊ धातू असतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं. पाणी कमी होऊन पत्रा तापू लागला की हा धातू आधी वितळतो, वाफ भट्टीत शिरते आणि चालकाला इशारा मिळतो.

आता स्वयंपाकघरात जा आणि कुकरचं झाकण बघा. शिट्टीशेजारी एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह दिसेल. त्यातही लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. कुकरमध्ये पाणी संपलं किंवा शिट्टी तुंबली तर तो वितळून वाफेला वाट करून देतो. आई ‘कुकरचा व्हॉल्व्ह उडाला’ म्हणते ना, तो हाच. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनातली कल्पना तुमच्या ओट्यावर आहे. म्हणून तो व्हॉल्व्ह बदलताना कंपनीचाच घ्या, स्वस्तातला नको.

२९ जुलै २००१, मेडायना

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेडायना काउंटीच्या फेअर ग्राउंडवर त्या दिवशी केस कंपनीचं ११० हॉर्सपॉवरचं ट्रॅक्शन इंजिन आलं होतं. वजन १८ टनांच्या आसपास. लोक बघायला जमले होते. आणि बॉयलरचा स्फोट झाला. पाच जणांचा जीव गेला, सुमारे पन्नास जण जखमी झाले. मृतांमध्ये इंजिनाचा मालक आणि त्याचा मुलगाही होता.

तपासात जे समोर आलं ते वर सांगितलंय तेच होतं. पाण्याची पातळी खाली गेली होती. भट्टीच्या छताचा पत्रा वर्षानुवर्षांच्या गंजाने पातळ झाला होता. आणि फ्युजिबल प्लग वेळेवर काम करू शकेल अशा अवस्थेत नव्हता. म्हणजे तिन्ही पहारेकरी असूनही एकाचाही उपयोग झाला नाही.

यातली वेदनादायक गोष्ट अशी की ही माणसं बेफिकीर गुंड नव्हती. त्यांना आपलं इंजिन लोकांना दाखवायचं होतं. आवड होती, अभिमान होता. पण लोखंड तुमची आवड बघत नाही, त्याला जाडी लागते.

या स्फोटानंतर ओहायोने कायदा केला. ऐतिहासिक बॉयलरची तपासणी आणि तो सार्वजनिक ठिकाणी चालवणाऱ्याला परवाना आवश्यक झाला. देशभरातल्या इंजिनवाल्यांमध्ये पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजण्याची पद्धत रुळली. सोनोग्राफीत जसा आवाजाच्या लहरींनी पोटातलं चित्र दिसतं, तसंच लहरी पाठवून पत्रा न कापता त्याची जाडी कळते. ब्रिटनमध्ये दाबाखालच्या उपकरणांसाठी २००० सालचे नियम आहेत. त्यानुसार ठरवलेल्या योजनेप्रमाणे जाणकार निरीक्षक बॉयलर तपासतो. साधारणपणे एकदा थंड असताना उघडून आणि एकदा वाफेवर असताना.

याशिवाय पाण्याची चाचणी असते. बॉयलर पूर्ण पाण्याने भरून नेहमीच्या दाबापेक्षा जास्त, साधारण सव्वा ते दीडपट दाब देतात. वाफेने किंवा हवेने का नाही? कारण पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. बॉयलर फुटला तरी पाणी फक्त गळतं, स्फोट होत नाही.

आपला काय संबंध?

तुमच्या घरात क्रॉम्प्टनचा पंखा आहे का? या नावामागचा माणूस आर. ई. बी. क्रॉम्प्टन. एकोणिसाव्या शतकात तो ब्रिटिश सैन्यातला अधिकारी म्हणून भारतात होता. बैलगाड्यांवरची वाहतूक फार संथ आहे असं त्याला वाटलं. एडिंबराच्या आर. डब्ल्यू. थॉमसनने तेव्हा रस्त्यावर चालणारी, जाड रबराची चाकं असलेली वाफेची इंजिनं बनवली होती. हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेणारा थॉमसन तो हाच. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रॉम्प्टनने ही इंजिनं भारतात आणवून रस्त्यावर चालवली. नंतर इंग्लंडला परतून तो विजेकडे वळला आणि १८७८ मध्ये त्याने कंपनी काढली. तुमच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचं नाव एका ट्रॅक्शन इंजिनवाल्याचं आहे!

दुसरी गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात कोणाचं गाव साखर कारखान्याजवळ असेल तर ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ हा शब्द ओळखीचा असेल. गळीत हंगामाआधी पूजा करून बॉयलर पेटवतात, फ्लेक्स लागतात, भाषणं होतात. त्या समारंभाच्या आधी निरीक्षकाने बॉयलर तपासलेला असतो. भारतात त्यासाठी १९२३ पासून बॉयलरचा स्वतंत्र कायदा आहे. पूजा नारळाने होते, पण भरवसा प्रमाणपत्रावर ठेवायचा.

आणि घरात आजोबा असतील तर विचारून बघा. धूर सोडत चालणारा वाफेचा रोड रोलर त्यांनी पाहिलेला असण्याची बरीच शक्यता आहे. ट्रॅक्शन इंजिनाचा तो सख्खा भाऊ.

पुढे काय?

आज या मेळ्यांसमोर दोन अडचणी आहेत.

पहिली कोळशाची आणि पैशाची. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण २०१५ मध्ये बंद झाली. वेल्समधली फोस-य-फ्रान ही उघडी खाण २०२३ मध्ये थांबली. जिथे वाफेचं युग जन्मलं तिथे आता वाफेसाठी बाहेरचा कोळसा आणावा लागतो किंवा तयार केलेल्या इंधनाच्या वड्या वापराव्या लागतात. वाढत्या खर्चामुळे ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअरलाही २०२३ चा मेळा रद्द करावा लागला. प्रदूषणाचा प्रश्नही खरा आहे, तो नाकारून चालणार नाही.

दुसरी अडचण माणसांची. आगीचा रंग बघून कोळसा कधी टाकायचा, आवाजावरून पाणी किती खर्च होतंय हे कसं ओळखायचं, हे पुस्तकातून येत नाही. ज्यांना हे येतं ते म्हातारे होत चाललेत. म्हणून ब्रिटनच्या नॅशनल ट्रॅक्शन इंजिन ट्रस्टने तरुणांसाठी ‘स्टीम ॲप्रेंटिस क्लब’ चालवला आहे. अमेरिकेत मेळ्यांच्या जागीच ‘स्टीम स्कूल’ भरतात. सुरुवात कशाने होते माहितीये? पितळ पुसण्याने आणि राख काढण्याने. आपल्याकडे गॅरेजमध्ये नवा पोरगा आधी पाने पुसतो, तसंच. भट्टी हातात यायला वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा.

मेळ्याला गेलात तर

तुमच्यापैकी कोणी शिकायला ब्रिटन किंवा अमेरिकेला असाल तर उन्हाळ्यातल्या एखाद्या सुट्टीत असा मेळा नक्की बघा. काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा:

• इंजिनासमोर आणि मागे उभं राहून व्हिडिओ काढू नका. बाजूने, दोराच्या बाहेरून काढा. चालकाला तुम्ही दिसत असाल याची खात्री करा.

• परवानगीशिवाय काहीही पकडू नका, कितीही जुनं आणि बंद वाटलं तरी.

• सैल ओढणी, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, मोकळे केस पट्ट्यापासून लांब ठेवा.

• चालक गेज ग्लासकडे बघत असताना त्याला बोलण्यात गुंतवू नका. त्याचं काम झालं की तो स्वतःच बोलेल.

• आणि एक प्रश्न जरूर विचारा: ‘याची शेवटची तपासणी कधी झाली?’ चांगल्या इंजिनवाल्याला या प्रश्नाचा राग येत नाही. तो खूश होऊन तारीख सांगतो.

फोन दोन-तीन वर्षांत जुना होतो, कारण त्याच्या आत काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही आणि बिघडलं तर बहुतेक वेळा बदलून टाकतो. इथे मात्र प्रत्येक दांडा, प्रत्येक झडप उघड्यावर आहे. बघून समजतं, समजलं की दुरुस्त करता येतं, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ते चालतंय. पुढच्या वेळी कुकरची शिट्टी झाली की त्या छोट्या व्हॉल्व्हकडे एकदा नजर टाका. आणि घरात कोणी वाफेचा रोलर किंवा कोळशाचं इंजिन जवळून पाहिलं असेल तर त्यांच्याकडून ती आठवण फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. असे लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत.